पहिली चेनसॉ: निवड, धार आणि घरच्या घरी दुरुस्ती

वळवाचा एक जोरदार पाऊस झाला की बांधावरची एखादी बाभूळ आडवी होते, वाटेवर सुबाभळीची फांदी येऊन पडते आणि कटरवाल्याला फोन लावला तर तो चार दिवस मोकळा नसतो. मग स्वतःचीच मशीन घ्यावी असं वाटू लागतं. जरूर घ्या. पण एक गोष्ट आधीच सांगतो. सातारा-सांगलीकडच्या गावांत पहिल्याच वर्षी बंद पडून कोपऱ्यात गेलेल्या कितीतरी चेनसॉ मी उघडून बघितल्यात आणि त्यातल्या बहुतेकींच्या इंजिनात मुळात दोषच नव्हता. चेन बोथट, मिश्रण चुकलेलं, फिल्टर भुशानं कोंदलेला. लाकूड कापते ती चेन, इंजिन फक्त तिला फिरवतं. चेनची धार सांभाळायला जो शिकला त्याची साधी मशीनही वर्षानुवर्षं चालते.

आधी काम बघा

माण-खटाव, आटपाडी, जतकडे काम असतं ते बाभूळ, वेडी बाभूळ आणि लिंबाचं. लाकूड टणक आणि सालीच्या भेगांत धूळ-वाळू भरलेली, त्यामुळे चेन लवकर बोथटते. पाटण, जावळी, शिराळ्याकडे जांभूळ, ऐन, सिल्व्हर ओक. लाकूड ओलं आणि उभं राहायला जागा उताराची. तिथं मशीन जितकी हलकी तितकी बरी. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात जुनी बाग मोडताना खोडं बारीकच असतात, पण त्यांच्या अंगाला तारा आणि अँगल चिकटलेले असतात. त्या कामाला ताकदीपेक्षा नजर जास्त लागते.

नुसती छाटणी असेल, मनगटाएवढ्या फांद्या, तर बॅटरीवरची छोटी सॉ पुरते. घराच्या आवारात जळण फोडायचं असेल तर विजेवरची घ्या. तिला ना मिश्रण लागतं ना कार्बोरेटर. मात्र लांब आणि बारीक वायर जोडून ती रानात नेऊ नका. व्होल्टेज पडतं आणि मोटर तापून जळते.

शेतावर फिरवायला पेट्रोलचीच लागते. वर्षातून थोडंच काम असणाऱ्याला 30 ते 38 सीसी आणि 14 किंवा 16 इंचाचा बार (चेन जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी) भरपूर झाला. स्टिल कंपनीची एमएस 180 या गटातली, 31.8 सीसीची. बाभळीचे बुंधे नेहमी कापायचे असतील तर 45 सीसीच्या पुढे जा; एमएस 250 ही 45.4 सीसीची आहे. रोजचा धंदा करणाऱ्यानं 60 सीसीच्या वरची व्यावसायिक मशीन घ्यावी, पण ती नवख्याच्या हातात देऊ नये.

बाजारात 52 आणि 58 सीसीच्या स्वस्त मशिनीही भरपूर मिळतात, बहुतेक 22 इंचाच्या बारसह. त्या वाईटच असतात असं नाही, पण घेताना दोन गोष्टी बघा. स्टिकरवरच्या सीसीवर विसंबू नका, माहितीपत्रकातला बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) विचारा. बोअरचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले 0.785, मापं सेंटिमीटरमध्ये घ्यायची. बोअर 4.5 आणि स्ट्रोक 3.25 असेल तर उत्तर सुमारे 52 सीसी येतं, मग स्टिकरवर काहीही छापलेलं असो. दुसरं, एवढ्या इंजिनाला 22 इंची बार जड जातो. बाभळीत तो पूर्ण बुडवला की चेन अडते आणि क्लच घसरून तापतो. त्याच मशीनला 18 इंची बार लावला तर ती जास्त चांगली चालते.

यापेक्षाही मोठी कसोटी म्हणजे सुटे भाग. पैसे देण्याआधी सांगली, मिरज, कराड, सातारा, जे जवळ असेल तिथल्या शेती-यंत्रांच्या दुकानात जाऊन चेन, स्टार्टर दोरी, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) मिळतो का ते विचारा. मिळत नसेल तर ती मशीन कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. चेन ब्रेक, म्हणजे चेन झटक्यात थांबवणारी कळ, नसलेली किंवा ब्रेक न चालणारी मशीन फुकट मिळाली तरी नको.

पेट्रोल आणि ऑइल

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवरच पिस्टन जगतो. चांगल्या प्रतीचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल असेल आणि मॅन्युअलमध्ये 50:1 दिलं असेल तर एका लिटरला 20 मिली. मॅन्युअल 25:1 सांगत असेल तर 40 मिली. बाटलीच्या बुचानं अंदाजे ओतू नका, औषधाच्या सिरिंजनं मोजा. मोटारसायकलचं फोर-टी ऑइल यात चालत नाही. आधी निम्मं पेट्रोल, मग ऑइल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. टाकीत भरण्यापूर्वी कॅन पुन्हा हलवायचा.

आपला हा उसाचा पट्टा. इथल्या कारखान्यांत मळीपासून आणि रसापासून होणारं इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि सॉच्या टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच लोंबत असतो. शिवाय जुनं पेट्रोल रबराच्या नळ्या आणि डायफ्रॅम कडक करतं. म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करा, महिन्याच्या आत संपवा आणि आठ-दहा दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून ठेवा. हे पाळलं तर कार्बोरेटरची निम्मी दुखणी उद्भवतच नाहीत.

चेनचं ऑइल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून पुष्कळ जण तेच ओततात. त्यात धातूचा बारीक चुरा असतो. ऑइल पंप आणि बारची खाच दोन्ही त्यानं खराब होतात आणि तेच ऑइल तुमच्या हातावर, तोंडावर उडतं. चेन ऑइल नाही मिळालं तर स्वच्छ, नवं एसएई 30 ऑइल वापरा. एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत चेन ऑइलची टाकीही जवळपास संपली पाहिजे. ती भरलेलीच राहत असेल तर ऑइल चेनपर्यंत पोचत नाही असं समजा.

चेनचा ताण

मशीन बंद, थंड, चेन ब्रेक सैल. बारच्या नट थोड्या ढिल्या करा, बारचं टोक वर उचलून धरा आणि ताणाचा स्क्रू फिरवत जा. चेन बारच्या खालच्या कडेला टेकली पाहिजे, पण हातमोजा घालून ओढल्यावर मोकळी फिरलीही पाहिजे. टोक वर धरलेलं असतानाच नट आवळा. नवी चेन पहिल्या टाकीतच ताणते, म्हणून मध्ये थांबून पुन्हा बघा. तापलेली चेन लांबते. ती गरम असताना आवळली असेल तर काम संपल्यावर सैल करून ठेवा, नाहीतर थंड होताना आकसते आणि सगळा ताण क्रँकच्या बेअरिंगवर येतो.

सुरू करणं आणि कापणं

मशीन जमिनीवर ठेवा. चेन ब्रेक लावा. डाव्या हातानं पुढचं हँडल दाबून धरा, उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये. पूर्ण चोक देऊन दोरी ओढा. एक छोटा फट्कन आवाज येतो. तिथंच थांबायचं, चोक अर्ध्यावर आणायचा आणि पुन्हा ओढायचं. नवखे हा आवाज ऐकत नाहीत, पूर्ण चोकवरच ओढत राहतात आणि प्लग पेट्रोलनं भिजतो. तसं झालं तर प्लग काढून पुसा, स्विच बंद ठेवून, चोक उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढा म्हणजे सिलिंडर कोरडा होईल, मग प्लग बसवा. हातात लोंबकळत धरून मशीन सुरू करायची नाही.

सुरू झाल्यावर बारचं टोक एखाद्या कापलेल्या ओंडक्यासमोर धरून ब्रेक काढा आणि थोडी रेस द्या. लाकडावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर कापायला लागू नका.

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की बार उसळून थेट तोंडाकडे येतो. याला किकबॅक म्हणतात आणि चेनसॉचे सर्वांत भीषण अपघात यातूनच होतात. दोन्ही हातांनी धरायचं, डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवलेला. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, शिडीवर किंवा झाडावर चढून चालवायची नाही. डोळ्यांवर चष्मा किंवा जाळी, कानांत बोळे, पायात बूट, अंगावर घट्ट कपडे. खांद्यावरचा टॉवेल घरी ठेवा. मांडीवर घालायचे चेन अडवणारे चॅप्स मिळतात. महाग वाटले तरी मशीनच्या खर्चातच धरा.

आडव्या पडलेल्या खोडाला आधी नीट बघा. दोन्ही टोकांना आधार आणि मध्ये पोकळी असेल तर वरच्या बाजूला दाब असतो: आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर या. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. हे चुकलं की बार खोडात चिमटतो. तेव्हा मशीन ओढाताण करून काढू नका. बंद करा आणि लाकडाची पाचर ठोकून फट मोकळी करा. पाचर नेहमी सोबत ठेवा.

उभं झाड पाडणं हे जाणत्या माणसाजवळ उभं राहूनच शिकायचं काम आहे, म्हणून ते इथं लिहीत नाही. एवढं मात्र सांगतो: विजेच्या तारांजवळचं झाड असेल तर आधी महावितरणला कळवा. आणि आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, हिरडा, ऐन, चंदन अशी झाडं स्वतःच्या मालकीच्या रानात असली तरी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली तोडीची परवानगी लागते. शहर हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे.

धार: इथं घाई नको

धार गेली हे ओळखायला भुसा बघा. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या, जाडसर किस काढते. मैद्यासारखी पूड पडू लागली, बार दाबल्याशिवाय आत जाईना किंवा काप एका बाजूला वळू लागला, तर मशीन तिथंच थांबवा. बोथट चेन दाबून चालवली की बार निळा पडेपर्यंत तापतो, क्लच जळतो, इंजिन पूर्ण रेसवर धापा टाकतं, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

एक दात जवळून बघा. उजेडात चेन धरा आणि दाताच्या पुढच्या वरच्या कोपऱ्याकडे नजर लावा. तिथं चकाकणारी पांढरी रेघ दिसली तर ती बोथट कड आहे. धारदार कडेवरून उजेड परावर्तित होत नाही. दाताला दोन पाती आहेत: उभं पातं बाजूचे तंतू तोडतं, वरचं पातं ते उचलून काढतं. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स यांनी 1946 मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे डावी-उजवीकडे कसे चालतात ते पाहून ही रचना घडवली. म्हणूनच आपल्या चेनवर एक दात डावा, एक उजवा असतो, आणि दोन्ही बाजूंना सारखी धार नसेल तर काप वाकडा जातो.

गोल कानशीचं माप चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या अंतरावर ठरतं. बारीक, लो-प्रोफाइल 3/8 चेनला 4 मिमी, 0.325 पिचला 4.8 मिमी, मोठ्या 3/8 ला 5.2 किंवा 5.5 मिमी. पिच बहुधा बारवर किंवा चेनच्या कडीवर कोरलेलं असतं. नसेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं करा. नवी चेन आणताना नुसतं 'अठरा इंची द्या' म्हणू नका. पिच, गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि अशा कड्यांची संख्या, तिन्ही सांगा किंवा जुनी चेनच सोबत न्या.

आता प्रत्यक्ष धार. बार शिकंज्यात धरा. रानात असाल तर बुंध्यावर एक काप घेऊन त्यात बार अडकवा. चेन ब्रेक लावा. सगळ्यांत आखूड, सगळ्यांत खराब दात शोधा आणि त्याला खडूनं खूण करा, कारण बाकीचे दात त्याच्या लांबीला आणायचे आहेत. कानस दाताच्या आतून बाहेर, 30 अंशात, फक्त पुढे जाताना घासायची. मागे आणताना उचलून घ्यायची. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. ती फार खाली गेली तर पातं आकड्यासारखं होऊन लवकर मोडतं, फार वर राहिली तर धारच येत नाही. पांढरी रेघ नाहीशी होईपर्यंत घासा, किती वेळा घासलं ते मोजा आणि त्या बाजूच्या प्रत्येक दाताला तेवढंच घासा. मग पलीकडे जाऊन दुसरी बाजू. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर जास्त पडतो, म्हणून शेवटी दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी पट्टीनं बघा. दिवसभर काम असेल तर प्रत्येक टाकीनंतर दोन-तीन फेऱ्या मारणं सोपं. दोन दिवसांनी एकदम धार लावायला बसलात तर दुपार जाते.

दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, डेप्थ गेज. दात किती खोल चावणार हे तो ठरवतो. धार लावता लावता दात बुटका होतो आणि हा उंचवटा वर राहतो. मग धार असूनही चेन लाकडावरून नुसती घसरते. चार-पाच वेळा धार लावली की गेजपट्टी ठेवून चपट्या कानशीनं तो दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली आणा. अंदाजानं जास्त उतरवू नका. जास्त उतरला की चेन लाकूड ओरबाडते आणि किकबॅक वाढतो.

खिळा किंवा तार ही धारेची वैरीण. बांधावरच्या झाडाला कधीकाळी कुंपणाची तार गुंडाळलेली असते, रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे असतात आणि वर साल चढलेली असते. साल फुगलेली किंवा लाकडात काळा-निळा डाग दिसला तर काप एक हात वर घ्या. साल मातीनं माखली असेल तर तेवढी कोयत्यानं तासून मगच कापा, आणि चेनचं टोक जमिनीला लागू देऊ नका.

रोजची साफसफाई

दिवस संपला की बाजूचं कव्हर काढून आतला ऑइलमध्ये भिजलेला भुसा ब्रशनं काढा. एअर फिल्टर झटका, साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. स्टार्टरच्या बाजूच्या हवेच्या फटी आणि सिलिंडरच्या पात्या मोकळ्या करा. बारची खाच पातळ पट्टीनं खरवडा, ऑइलचं भोक तारेनं उघडा. धार लावाल तेव्हा बार उलटा करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. कडेला धातूची धारदार मिशी आली असेल तर चपट्या कानशीनं काढा. चेन फिरवणाऱ्या गरारीवर अर्ध्या मिलीमीटरहून खोल घळ पडली असेल तर ती बदला. झिजलेली गरारी नवी चेनसुद्धा खाते.

बंद पडली तर

स्क्रू फिरवायला सगळ्यात आधी जाऊ नका. कार्बोरेटरचे स्क्रू हा शेवटचा उपाय आहे.

सुरूच होत नसेल तर प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी बघा: प्लग टोपीत घालून त्याचा धातू सिलिंडरला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि दोरी ओढा. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून बघा, मग स्विचची वायर. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्यानं बाहेर काढून बघा, मग नळीला चीर गेली आहे का ते, मग डायफ्रॅम. डायफ्रॅम बोटानं वाकवल्यावर कडकड वाजला तर बदलायचाच.

सुरू होते पण तापल्यावर मरते किंवा जोर देत नाही, तर एअर फिल्टरनंतर सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी काढून बघा. जास्त ऑइल टाकणाऱ्यांच्या मशीनमध्ये ती काजळीनं बुजलेली असते. तारेच्या ब्रशनं साफ केली की मशीन मोकळी होते.

रेस सोडली तरी चेन फिरत असेल तर आयडलचा (रेस न देता इंजिन चालतं त्या वेगाचा) स्क्रू थोडा सैल करा. तरीही थांबली नाही तर क्लचची स्प्रिंग तुटलेली असते आणि ती बदलेपर्यंत मशीन वापरू नका. क्लच स्वतः काढणार असाल तर लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर तो सुटतो. हे माहीत नसल्यानं जोर लावून क्रँकचं टोक मोडलेल्या मशिनी दुरुस्तीला येतात.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. स्विच बंद ठेवून मशीन स्टार्टरच्या मुठीला धरून लोंबकळत सोडा. चांगली मशीन अडत अडत, हळूहळू खाली येते. सर्रकन खाली आली तर पिस्टन-रिंगचं काम आहे. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर कमी ऑइलच्या मिश्रणावर किंवा गळक्या नळीवर ती चालली आहे. सिलिंडर-पिस्टनच्या किटची किंमत आधी विचारा. स्वस्त मशीनला तो खर्च बहुधा परवडत नाही. किट टाकलंच तर नळ्याही सोबत बदला, नाहीतर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जाईल.

पावसाळ्यासाठी

जूनमध्ये मशीन ठेवताना टाकी रिकामी करा आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल. प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल सिलिंडरमध्ये सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग बसवा. चेन आणि बार काढून पुसा, ऑइल लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत ओल धरते; सुती फडक्यात बांधून घरात कोरड्या जागी टांगा, गोठ्यात नको. दसऱ्यानंतर बाहेर काढाल तेव्हा ताजं मिश्रण घाला, नळ्या बोटांनी दाबून भेगा आहेत का ते बघा आणि पहिल्या कापाआधी चेन ब्रेक लागतो की नाही ते तपासा.